स्वतःचे वस्त्र स्वतः शिवणे : वऱ्हाडातील फॅशन शिक्षणाची एक चिकित्सा

प्रास्ताविक

अमरावती जिल्ह्याच्या तिवसा तालुक्यात वर्धा नदीच्या काठी वसलेले कौंडण्यपूर हे विदर्भराज भीष्मकाची राजधानी आणि रुक्मिणीचे माहेर म्हणून परंपरेने ओळखले जाते. आषाढी वारीसाठी येथून रुक्मिणीची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते. इ. स. १५९४ पासून ही परंपरा चालत आल्याचे सांगितले जाते. माहेरची माणसे लेकीला भेटायला जातात आणि माहेरची साडीचोळी तिच्यापर्यंत पोहोचावी, हा या वारीमागचा लोकमानसातील भाव आहे. मराठी साहित्यातही रुक्मिणीच्या विवाहाची मोठी परंपरा आहे. तेराव्या शतकात महदाइसेने याच जिल्ह्यातील रिद्धपुरात धवळे रचले. त्याच शतकात नरेंद्राने आणि पुढे १५७१ मध्ये संत एकनाथांनी 'रुक्मिणीस्वयंवर' लिहिले. या काव्यपरंपरेत वधूची वस्त्रे आणि अलंकार यांच्या वर्णनाला मानाचे स्थान आहे.

तथापि या कथेचे मर्म वस्त्रालंकारांत नाही. वडील बंधूने ठरविलेला वर नाकारून स्वतःचा निर्णय स्वतः कळविणारी मुलगी हे तिचे मर्म होय. निर्णय तिचा आहे. वस्त्रे मात्र इतरांनी दिलेली, संकेताने ठरलेली आहेत. आज तिवसा, चांदूर रेल्वे, मोर्शी किंवा अकोट येथून एस.टी.ने शहरात येऊन फॅशन डिझाइन अथवा वस्त्रशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थिनीकडे पाहताना नेमका हाच प्रश्न वेगळ्या रूपात उभा राहतो. वस्त्र हाच जिच्या अभ्यासाचा विषय आहे, तिला स्वतःच्या वस्त्राविषयीचा निर्णय घेता येतो काय? आणि असा निर्णय घेण्याची क्षमता तिच्यात निर्माण व्हावी यासाठी आपले शिक्षण काय करते?

प्रस्तुत लेखात फॅशन शिक्षणातील एका साध्या कृतीची, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतःचा कपडा स्वतः योजणे, बेतणे, शिवणे आणि वापरणे या कृतीची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनात विद्यार्थिनींचा उल्लेख अधिक येत असला, तरी या शाखेकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यांनाही ते तितकेच लागू आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, ठरविणे, शिवणे आणि वापरणे या तिन्ही क्रिया एकाच व्यक्तीच्या ठिकाणी एकत्र आल्याशिवाय वस्त्राविषयीची चिकित्सक दृष्टी घडत नाही. आपल्या प्रचलित पद्धतीत मात्र पहिली क्रिया गौरविली जाते, दुसरी दुय्यम ठरते आणि तिसरी पूर्णतः गळून पडते.

नमुन्याची फाइल आणि अंगावरचा कपडा

फॅशन शिक्षणातील प्रात्यक्षिकांची रचना सर्वसाधारणपणे परिचित आहे. आरंभी धावदोरा, उलटी टीप, तुरपाई, काज, हुक, निरनिराळे गळे, बाह्या व खिसे यांचे लहान नमुने शिवून ते फाइलमध्ये चिकटविले जातात. पुढे प्रमाणित मापांवरून कागदी आराखडे तयार होतात. त्यानंतर पुतळ्यावर कापड लपेटून रचना साधण्याचे शिक्षण मिळते. अखेरीस एखादी संकल्पना घेऊन पोशाखांची मालिका सादर केली जाते, मंचावर तिचे प्रदर्शन होते आणि छायाचित्रे संग्रहात जातात.

या क्रमात गैर काहीच नाही. कौशल्य टप्प्याटप्प्याने शिकविणे आवश्यकच असते. प्रश्न उपस्थित होतो तो या क्रमाच्या शेवटी. फाइलमधील नमुना कधी धुतला जात नाही. पुतळ्यावरचा पोशाख कधी बसत नाही, वाकत नाही, घामेजत नाही. मंचावरचा पोशाख काही मिनिटे मिरवला जातो आणि नंतर पेटीत पडतो. परीक्षकासमोर येणारे वस्त्र हे वापरापूर्वीचे वस्त्र असते, आणि वस्त्राचा खरा कस तर वापरातच लागतो.

वर्गात शिकवताना एक विसंगती पुनःपुन्हा जाणवते. उत्कृष्ट नमुन्यांची फाइल हाती घेऊन उभी असलेली विद्यार्थिनी अंगात बाजारातून घेतलेली तयार कुर्ती घालून आलेली असते. ती कुर्ती खांद्यावर सैल, मुंढ्यात घट्ट आणि एकाच धुण्यात आखडलेली असू शकते. तिच्यातील दोष विद्यार्थिनीला सांगता येतात. पण ते आपल्याला दूर करता येतील, असे मात्र तिला वाटत नाही. ज्ञान फाइलमध्ये आणि जगणे अंगावर, अशी ही फारकत आहे.

यास आर्थिक बाजूही आहे, हे नाकारता येणार नाही. चांगले सुती कापड, अस्तर, बटणे, दोरा आणि लागणारे तास यांचा हिशेब मांडल्यास रस्त्यावरच्या दुकानातील तयार कुर्ती बहुधा स्वस्त पडते. त्यामुळे 'स्वतः शिवा, पैसे वाचतील' हा जुना उपदेश आज फारसा टिकत नाही. स्वतः शिवण्याचे समर्थन करावयाचे असेल, तर ते काटकसरीखेरीज अन्य आधारावर करावे लागेल. तो आधार शैक्षणिक आहे, असे प्रस्तुत लेखिकेस वाटते.

शरीर, कापड आणि चूक

स्वतःचा कपडा शिवताना शिकणाऱ्याच्या वाट्याला येणारी पहिली गोष्ट म्हणजे स्वतःचे माप. प्रमाणित मापांचा तक्ता सरासरी शरीराचा असतो आणि सरासरी शरीर कोणाचेच नसते. एक खांदा किंचित उतरता असतो; छाती आणि कंबर यांचे गुणोत्तर तक्त्यातल्याहून वेगळे असते. स्वतःवर टेप धरताना ही वस्तुस्थिती कळते. आरशासमोर संकोचाने पाहिलेले शरीर मापाच्या आकड्यांत शांतपणे वाचता येऊ लागते. किशोरवयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या मुलामुलींच्या दृष्टीने या अनुभवाचे मोल मोठे आहे. कपडा अंगाला बसत नाही तेव्हा दोष अंगाचा नसून कपड्याचा आहे, हे त्यांना प्रथमच प्रमाणासह समजते.

दुसरी गोष्ट म्हणजे हालचाल. बाहीच्या वरच्या गोलाईची उंची वाढविली की बाही खांद्यावर सुबक बसते, सुरकुत्या पडत नाहीत. परंतु हात वर उचलताच सारा कपडा वर खेचला जातो. गोलाई उथळ ठेवून बाही रुंद केली, तर हात मोकळा राहतो. मात्र काखेजवळ चुण्या दिसतात. पुतळ्यावर पहिली बाही नेहमीच सरस ठरते. एस.टी.च्या गर्दीत वरची दांडी धरून उभे राहावे लागणाऱ्या विद्यार्थिनीला दुसरी बाही हवी असते. यांपैकी काय निवडावे, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळत नाही. ते वापरणाऱ्याच्या दिनक्रमात असते. पायजम्याचे आसन, खिशाची जागा, कुर्त्याच्या बाजूच्या चिरेची उंची यांबाबतही हेच म्हणता येईल.

तिसरी गोष्ट कापडाचा स्वभाव. कोरे सुती कापड भिजवून, वाळवून मगच बेतावे, हा नियम प्रत्येक विद्यार्थी लिहितो. तो नियम पटतो मात्र पहिल्या धुण्यात लांडा झालेला स्वतःचा कुर्ता पाहिल्यावर. उभ्या धाग्यावर बेतलेले कापड कसे पडते आणि उरेब बेतलेले कसे लोंबते, गडद रंग कोठे उतरतो, अस्तर आणि वरचे कापड वेगवेगळ्या प्रमाणात आखडल्यास काय होते, या साऱ्याचे ज्ञान काळाच्या ओघात होते. तासिकेच्या चौकटीत ते होऊ शकत नाही.

शिवणकामाच्या मराठी परिभाषेत एक अर्थपूर्ण शब्द आहे. शिवणीच्या आत दाबून ठेवलेल्या जादा कापडास आपल्याकडे 'माया' म्हणतात. पुढे शरीर भरले, कपडा आखडला किंवा कपडा दुसऱ्या कोणाला द्यावयाचा झाला, तर शिवण उसवून ती माया मोकळी करता येते. घरच्या आणि गावच्या शिवणकामात माया सढळ ठेवली जाई. तयार कपड्यांच्या उद्योगात कापडाचा प्रत्येक सेंटिमीटर हिशेबात धरला जातो आणि ती कमीत कमी उरते. साहजिकच असा कपडा दुरुस्त होण्याऐवजी बदलला जातो. माया किती ठेवावी हा तांत्रिक तपशील वाटला, तरी वस्त्राचे आयुष्य किती असावे, हा विचार त्यामागे आहे. उद्या हा कपडा आपल्यालाच उसवावा लागणार आहे, याची जाणीव असलेला विद्यार्थी माया ठेवतो. गुणांसाठी शिवणाऱ्याला तिचे कारण पडत नाही.

येथेच चुकीचे शैक्षणिक मूल्यही स्पष्ट होते. फाइलमधील चूक ही गुण कमी करणारी बाब असते, म्हणून ती झाकली जाते. अंगावरच्या कपड्यातील चूक दिवसभर सोबत राहते. ती शोधावी लागते, तिचे कारण ठरवावे लागते आणि ती उसवून दुरुस्त करावी लागते. समीक्षाव्यापार याहून फारसा निराळा नसतो.

डोके आणि हात : शिंप्याकडे जाणारे वस्त्र

अनेक ठिकाणी उघडपणे चालणाऱ्या एका प्रथेचा येथे उल्लेख करणे आवश्यक आहे. अंतिम सादरीकरणासाठीचे पोशाख विद्यार्थी रेखाटतात आणि शहरातील एखाद्या शिंप्याकडून शिवून आणतात. शिक्षकांना हे ठाऊक असते. पालक त्याचा खर्च सोसतात. विद्यार्थ्याचे नाव पोशाखावर येते, शिंप्याचे येत नाही.

या प्रथेचे समर्थन पुढीलप्रमाणे केले जाते. वास्तुविशारद स्वतः विटा रचत नाही. मग डिझाइनरने स्वतः का शिवावे? हा युक्तिवाद वरवर पटण्याजोगा आहे. व्यवसायात उतरलेला डिझाइनर सर्व कपडे स्वतः शिवणार नाही, हे खरेच आहे. परंतु विद्यार्थिदशा म्हणजे व्यवसाय नव्हे. शिवणे ज्याने अनुभवले नाही, त्याला शिवणाऱ्याच्या वेळेचे मोल ठरविता येत नाही, आपल्या रेखाटनातील अशक्य जागा ओळखता येत नाही आणि बिघडलेल्या कपड्याचा दोष आराखड्याचा की हाताचा हेही सांगता येत नाही.

याहून गंभीर बाब सामाजिक आहे. रेखाटणे प्रतिष्ठेचे आणि शिवणे हलके, ही विभागणी आपल्या समाजाला नवी नाही. डोक्याचे काम वरचे आणि हाताचे काम खालचे, ही जातिव्यवस्थेने रुजविलेली उतरंड 'डिझाइनर' आणि 'टेलर' या दोन शब्दांत नव्याने नांदू लागली आहे. वस्तुतः मराठी परंपरेत याच्या विरुद्ध साक्ष देणारा मोठा पुरावा आहे. संत नामदेव शिंपी समाजातले. शीख धर्मीयांच्या गुरू ग्रंथसाहिबात त्यांची ६१ पदे समाविष्ट आहेत, आणि त्यांच्या रचनेत शिंपीकामाची अवजारे भक्तीची रूपके होऊन येतात. हातातील काम हेच जेथे चिंतनाचे साधन झाले, त्या परंपरेत शिवणाऱ्याचा हात विचारशून्य मानण्याचे कारण नाही.

मुलींच्या बाबतीत ही विभागणी दुहेरी जाचक ठरते. घरात 'शिवणकाम येते' हा लग्नाच्या बाजारातील गुण मानला जातो. याच समजुतीमुळे गावाकडील अनेक मुलींना या शाखेत प्रवेश घेण्याची परवानगी सहज मिळते. महाविद्यालयात आल्यावर तीच मुलगी 'आम्ही टेलरिंग नाही, डिझाइनिंग शिकतो' असे आवर्जून सांगू लागते. पहिल्या भूमिकेत शिवणे हे कर्तव्य आहे, दुसरीत तो कमीपणा आहे. तिसरी शक्यता, म्हणजे शिवणे ही स्वतःच्या निर्णयाची भाषा असू शकते ही शक्यता, तिच्यासमोर कोणीच ठेवत नाही.

या संदर्भात भानू अथैय्या यांचे उदाहरण विचारात घेण्यासारखे आहे. २८ एप्रिल १९२९ रोजी कोल्हापुरात जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये या मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थिनी होत्या. चित्रकार म्हणून त्यांची गुणवत्ता निर्विवाद होती. प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपच्या प्रदर्शनातही त्यांची चित्रे लागली होती. स्त्रियांच्या नियतकालिकांसाठी फॅशनची रेखाटने करीत असताना त्या प्रत्यक्ष कपड्यांच्या रचनेकडे वळल्या आणि 'सी.आय.डी.' (१९५६) पासून चित्रपटांच्या वेशभूषेत स्थिरावल्या. 'गांधी' या चित्रपटासाठी १९८३ मध्ये जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना ऑस्कर मिळाले. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय ठरल्या. चित्रकलेकडून वस्त्राकडे झालेल्या या प्रवासात एक गोष्ट लक्षणीय आहे. 'ब्रह्मचारी' (१९६८) मधील मुमताज यांची प्रसिद्ध साडी ही नेसावयाची साडी राहिली नव्हती. नृत्याच्या हालचालीसाठी ती शिवून बसविली होती. न शिवलेल्या वस्त्राची घडण जाणल्याखेरीज ते शिवण्याचे धाडस करता येत नाही. कागदावरच्या रेषेला हलणाऱ्या देहाची अट मान्य करावी लागते, हे त्यातून दिसते. आज स्नेहसंमेलनांत सर्रास दिसणारी तयार शिवलेली नऊवारी याच जातीची. पण तिचा काष्टा कसा पडतो आणि शेतात काम करणाऱ्या बाईला तो का सोयीचा होता, हे ती घालणाऱ्या विद्यार्थिनीला ठाऊक असतेच असे नाही.

नदीपलीकडचा प्रयोग

कौंडण्यपूरच्या काठावरून वर्धा नदी ओलांडली की वर्धा जिल्हा लागतो. स्वतःच्या वस्त्राला शिक्षणाच्या केंद्रस्थानी आणण्याचा या देशातील सर्वांत महत्त्वाकांक्षी प्रयत्न याच जिल्ह्यात झाला, ही गोष्ट आपल्या अभ्यासक्रमांत क्वचितच आठवली जाते. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यानंतर डॉ. झाकीर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगावर आधारलेल्या सात वर्षांच्या शिक्षणाची योजना मांडली. सेवाग्रामात आशादेवी आणि आर्यनायकम् यांनी नई तालीमचा प्रयोग चालविला. कताई-विणाई हा त्यातील प्रमुख उद्योग होता. सुताच्या लांबीतून गणित, कापसाच्या प्रवासातून भूगोल आणि इतिहास शिकविण्याची ती कल्पना होती.

यंत्रांविषयी कठोर असलेल्या गांधीजींनी १९२४ मधील एका संवादात शिवणयंत्राला अपवाद केले होते. माणसाचे कष्ट हलके करणारे आणि त्याचा हात निकामी न करणारे यंत्र त्यांना मान्य होते. शिवणयंत्रावर एक माणूस अथपासून इतिपर्यंत एक पूर्ण वस्तू घडवू शकतो. आपल्या विषयाच्या दृष्टीने हा मुद्दा मोलाचा आहे.

मात्र नई तालीमचे उदात्तीकरण करूनही भागणार नाही. मुलांच्या श्रमातून शाळेचा खर्च निघावा, या अपेक्षेवर खुद्द वर्ध्याच्या परिषदेतच प्रा. के. टी. शहा यांनी आक्षेप घेतले होते. शिवाय त्या योजनेतील वस्त्र आधीच ठरलेले होते. ते खादीचे आणि साधे असावयाचे. विद्यार्थी ते निर्माण करीत असे, वापरीतही असे. परंतु ते कसे असावे हे ठरविण्याचा अवकाश त्याला थोडा होता. आजच्या फॅशन शिक्षणात याच्या नेमके उलट घडते. विद्यार्थी ठरवितो, पण निर्माण अर्धवट करतो आणि वापरीत तर नाहीच. दोन्ही पद्धतींत तीन क्रियांपैकी एखादी तरी सुटते.

चिंध्या, स्वच्छ लुगडे आणि निवड

ठरविण्याचे महत्त्व किती, हे समजण्यासाठी याच भूमीतील दोन उदाहरणे शेजारी ठेवून पाहावीत. ज्यांचे नाव आपल्या विद्यापीठाला दिले आहे, ते संत गाडगेबाबा (१८७६-१९५६) याच जिल्ह्यातील शेंडगावचे. जन्माने परीट, म्हणजे इतरांचे कपडे धुणाऱ्या समाजातले. त्यांनी स्वतः मात्र चिंध्या जोडून केलेला अंगरखा पांघरला. हातात खराटा, डोक्यावर गाडग्याचे खापर आणि अंगावर रंगीबेरंगी ठिगळे हा वेष पाहताच ओळखू येई. तो केवळ दारिद्र्याचा वेष नव्हता. कीर्तनातून देणग्या जमवून ज्याने धर्मशाळा आणि शाळा उभ्या केल्या, त्याने स्वतःच्या अंगावर काय असावे याचा विचारपूर्वक निर्णय घेतला होता.

दुसरे उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे. डिसेंबर १९२७ मध्ये महाड येथे स्त्रियांपुढे केलेल्या भाषणात त्यांनी लुगडे नेसण्याची जुनी, जात ओळखू देणारी पद्धत सोडून देण्यास आणि कथलाचांदीचे जड दागिने टाकण्यास सांगितले. कपडा फाटका असला तरी चालेल, तो स्वच्छ असावा, असा त्यांचा आग्रह होता. वस्त्रावरून जात लादली जात असेल, तर वस्त्र बदलणे हा मुक्तीचा भाग ठरतो.

एकाने चिंध्या स्वीकारल्या, दुसऱ्याने लादलेला वेष टाकण्यास सांगितले. वरवर पाहता ही दोन टोके आहेत. दोहोंच्या मुळाशी तत्त्व मात्र एकच दिसते, ते म्हणजे स्वतःच्या वस्त्राचा निर्णय स्वतःकडे घेणे. चिंध्यांना स्वतःचे असे पावित्र्य नाही. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उतरलेले कपडे घालावे लागले, त्यांच्यासाठी चिंधी ही अवहेलनाच होती. त्याचप्रमाणे 'स्वतः शिवणे' यालाही आपोआप मूल्य प्राप्त होत नाही. गरिबीमुळे किंवा घरच्या सक्तीमुळे शिवावे लागणे आणि स्वतःच्या निर्णयाने शिवणे यांत अंतर आहे. टाकाऊ कापडातून पोशाख करण्याचे प्रकल्प सध्या लोकप्रिय आहेत. ते विद्यार्थ्यांस देताना हा भेद सांगितला गेला पाहिजे, अन्यथा गोधडी ही केवळ एक आकर्षक पोत म्हणून उरेल.

कापसाच्या प्रदेशातील वस्त्र

वऱ्हाडच्या बाबतीत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात (१८६१-६५) इंग्लंडच्या गिरण्यांना कापूस अपुरा पडू लागला, तेव्हा येथील कापसाला मोठी मागणी आली. अमरावतीच्या नावावरून पडलेल्या 'उमरा' या व्यापारी नावाने तो ओळखला जाई. तेव्हापासून कच्चा माल देणारा प्रदेश हीच वऱ्हाडची ओळख राहिली. कापूस येथे पिकतो, कापड दुसरीकडे विणले जाते, कपडा तिसरीकडे शिवला जातो आणि शेवटी येथील बाजारात विकावयास येतो. शेतकऱ्याच्या घरातून आलेली विद्यार्थिनी कृत्रिम धाग्याची कुर्ती घालून कापसावरची टिपणे उतरवून घेते, हे दृश्य या साखळीचेच फलित आहे.

ही स्थिती बदलण्याची भाषा आता होत आहे. अमरावतीजवळ नांदगाव पेठ येथील पीएम मित्र वस्त्रोद्योग उद्यानाची घोषणा २०२३ मध्ये झाली आणि २० सप्टेंबर २०२४ रोजी त्याची पायाभरणी झाली. त्यातून रोजगार निर्माण व्हावा, ही सर्वांचीच इच्छा आहे. तथापि तयार कपड्यांच्या कारखान्यात एक सदरा अनेक क्रियांत विभागलेला असतो. कोणी दिवसभर कॉलर शिवतो, कोणी बाही जोडतो. पूर्ण सदरा कोणाच्याच हातून होत नाही. आपले विद्यार्थी तेथे केवळ एखादी क्रिया करणारे हात म्हणून जाणार, की संपूर्ण वस्त्र समजणारे तंत्रज्ञ आणि योजक म्हणून, हे बऱ्याच अंशी आपल्या प्रयोगशाळांत ठरणार आहे.

वापरणारा नजरेआड झाला की काय होते, याचे एक अलीकडचे उदाहरण देता येईल. २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात राज्यातील शाळांसाठी गणवेशाच्या कापडाची खरेदी केंद्रीय पद्धतीने करून महिला बचत गटांमार्फत शिलाई करवून घेण्याचे धोरण राबविण्यात आले. गणवेश उशिरा पोहोचल्याच्या आणि मापे न जुळल्याच्या तक्रारी ठिकठिकाणी झाल्या. पुढील वर्षापासून ही जबाबदारी पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे देण्यात आली. शिवणाऱ्या स्त्रियांच्या कौशल्यावर येथे बोट ठेवावयाचे नाही. ज्याच्यासाठी शिवावयाचे ते मूल शिवणाऱ्यापासून दूर गेले, हा खरा दोष होय. फॅशन शिक्षणात आपण विद्यार्थ्याला आरंभापासून अशाच अंतराची सवय लावत आहोत.

काही सूचना

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार झालेल्या पुनर्रचनेत व्यावसायिक कौशल्ये आणि भारतीय ज्ञानप्रणाली यांना स्वतंत्र स्थान मिळाले आहे. त्या चौकटीत पुढील बदल फारशा खर्चाशिवाय शक्य आहेत, असे वाटते.

१) प्रत्येक विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी स्वतःच्या मापाचा, नेहमी वापरता येईल असा एक साधा सुती कपडा शिवावा. कपडा कोणता असावा हे विद्यार्थ्याने ठरवावे आणि निवडीची कारणे लिहून द्यावीत.

२) या कपड्याचे मूल्यमापन शिवून झाल्यावर आणि सत्रअखेरीस असे दोनदा व्हावे. मधल्या काळात तो किती वेळा घातला, धुतला, कोठे फाटला, काय उसवून पुन्हा शिवले याची नोंदवही ठेवावी. गुण दोषरहिततेला न देता दोषाच्या निदानाला आणि दुरुस्तीला द्यावेत.

३) अंतिम सादरीकरणात शिंप्याचे साहाय्य घेतले असल्यास त्याचे नाव व केलेले काम नमूद करणे बंधनकारक असावे. शक्य तेथे अनुभवी शिंपी आणि शिवणकाम करणाऱ्या स्त्रिया यांना अतिथी मार्गदर्शक म्हणून निमंत्रित करावे व त्यांना रीतसर मानधन द्यावे.

४) भारतीय ज्ञानप्रणालीच्या अंतर्गत नऊवारीचे नेसण, गोधडीची शिवण आणि शिवणकामाची मराठी परिभाषा यांचा अभ्यास व्हावा. उरेब, मुंढा, कळी, आसन, माया हे शब्द वर्गातून हद्दपार झाले, तर त्यांच्यामागील विचारही जाईल.

या सूचनांवर एक आक्षेप संभवतो. साठ-साठ विद्यार्थ्यांच्या वर्गात, अपुऱ्या यंत्रांवर आणि तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या भरवशावर एवढे काटेकोर मूल्यमापन कसे करावयाचे? हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे पूर्ण उत्तर शिक्षकाच्या हाती नाही. तरीही, दहा नमुन्यांऐवजी पाच नमुने आणि एक वापरलेला कपडा, एवढी अदलाबदल तर वेळ न वाढविताही करता येईल.

समारोप

वरील विवेचनातून असे दिसते की, स्वतःचे वस्त्र स्वतः शिवणे ही कृती काटकसर, गृहकृत्यदक्षता किंवा छंद यांपुरती मर्यादित नाही. शरीराचे वास्तव, कापडाचा स्वभाव, श्रमाचे मोल आणि निवडीची जबाबदारी यांचा एकत्रित अनुभव देणारी ती अभ्यासपद्धती आहे. नमुन्याच्या फाइलमध्ये ती अपुरी राहते; शिंप्याकडून शिवून आणलेल्या पोशाखात ती नाहीशी होते; सक्तीच्या साधेपणातही ती पूर्ण होत नाही. ठरविणारा, शिवणारा आणि वापरणारा एकच असेल तेव्हाच आपल्या कामाची परखड समीक्षा करण्याची सवय विद्यार्थ्याला लागते. पुढे इतरांसाठी वस्त्रे योजताना हीच सवय त्याला वापरणाऱ्या माणसाची आठवण ठेवायला शिकवील.

कौंडण्यपूरची पालखी माहेरची साडीचोळी लेकीपर्यंत पोहोचविण्याचा भाव वर्षानुवर्षे जपत आली आहे. त्या भावनेचा आदर राखूनच असे म्हणावेसे वाटते की, याच परिसरातून शिकायला येणाऱ्या लेकींना आता साडीचोळीबरोबर टेप, कात्री आणि निर्णयही द्यावयास हवा. आपला वर आपणच निवडणाऱ्या रुक्मिणीच्या माहेरी ही अपेक्षा वावगी ठरू नये.